काखेतला साक्षीदार

मी थर्मामीटर बोलतोय. काचेचा, पाऱ्याचा, जुन्या वळणाचा. बटण दाबलं की टीं टीं करणारी ती प्लास्टिकची पोरं माझ्या कुळातली नव्हेत. मला काखेत धरून गप्प बसावं लागतं, मग उजेडाकडे तिरकं करून बघावं लागतं, तेव्हा कुठं माझी चंदेरी रेघ दिसते. घाईच्या माणसाचं माझ्याशी जमत नाही.

आधीच सांगून टाकतो, मी स्वभावानं संशयी आहे. त्यात माझा दोष नाही. भट्टीपाशी कारागिरानं माझी नळी केसाइतकी बारीक ओढली, पारा भरला आणि लगेच मलाच तपासायला घेतलं. गार पाण्यात बुडवलं, कोमट पाण्यात बुडवलं, झटकून पुन्हा गार पाण्यात. गार पाण्यात दोन्ही वेळा पारा एकाच जागी थांबला तेव्हा माझ्या अंगावर रेघा उमटल्या. ज्याच्यावर बारशाआधीच संशय घेतला, तो पुढं कुणावर विश्वास ठेवणार?

औषधांच्या दुकानातून मी या घरात आलो आणि इथल्या आईशी माझं पहिल्याच दिवशी जमलं. ती शर्टांच्या कारखान्यात तयार माल तपासते. कॉलर, बटणं, बाह्या, सगळ्यांवरून तिची बोटं फिरतात. चूक सापडली की लाल टिकली चिकटवायची, नाही सापडली की वहीत ‘पास’ लिहायचं. घरीही तिची नजर तशीच. ‘माणूस खोटं बोलेल, हा नाही बोलणार,’ असं ती माझ्याबद्दल म्हणायची आणि मी फुगायचो.

घराचा नियम सोपा होता. पारा नव्व्याण्णवच्या वर गेला तर घरी झोपायचं, खाली असेल तर कामाला किंवा शाळेला जायचं. बाबा वायरमन. एकदा सामना बघायला सुट्टी हवी होती म्हणून त्यांनी गरम चहाचा घोट घेऊन मला जिभेखाली धरलं. मी एकशे दोन दाखवले. आईनं पंधरा मिनिटं थांबून मला झटकून पुन्हा लावलं आणि बाबा मुकाट्यानं चपला घालून कामावर गेले. त्या दिवसापासून मला जिभेचाही भरवसा उरला नाही. आई सगळ्यांना काखेतच लावू लागली.

मग आली मुंगीची पाळी. मुंगी म्हणजे या घरातली लेक. चौदा वर्षांची, नववीतली, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडं नेणारी, म्हणून मुंगी. एका बुधवारी सकाळी ती पोट धरून बसली. मळमळतंय म्हणाली, डोकं जड झालंय म्हणाली. आईनं मला झटकून तिच्या काखेत सरकवलं. मी दाखवले अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. मुंगी शाळेत गेली.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. नंतर अधूनमधून आणखी एका वारीही. आईनं वही उघडली. तारीख, वार, वेळ, आकडा, आणि हाताची सवयच ती, शेवटी ‘पास’. अशा सतरा ओळी झाल्या आणि सतराच्या सतरा पास.

आता माझं ऐका. काखेत मला बरंच काही कळत होतं. तिथं गार घाम असायचा. हात इतका थरथरायचा की मी घसरून खाली यायचो. आणि शेजारी ते हृदय, कुणी दार ठोठावत असावं तसं वाजत राहायचं. हे सगळं मला कळलं, आणि मी त्याचा अर्थ काय लावला? चोराच्या मनात चांदणं. पोरगी खोटं बोलतेय, म्हणून तिला धडधडतंय. अशी माझी अक्कल.

एकदा वही चाळत मुंगीनं हळूच विचारलं, “आई, इथं मी रोज पास आहे. मग दुखतं का?”

आई म्हणाली, “ते तूच सांग.” मुंगीनं वही मिटून ठेवली. का दुखतं ते तिलाच ठाऊक नव्हतं, हे आम्हा दोघांच्या मनातही आलं नाही.

मग एका बुधवारी मुंगीनं ती गोष्ट केली. आई भाजी चिरत असताना तिनं मला गरम पाण्याच्या पेल्यात बुडवलं. पारा एकशे सातवर गेला. आईनं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, “इतका ताप असता तर तू उभी राहिली नसतीस.” मग पुन्हा भाजी चिरायला लागली. मुंगीनं दप्तर उचललं. मला मात्र आनंद झाला होता, हे आज सांगताना लाज वाटते. चोर सापडला, असं वाटलं. त्या सकाळी तिचा हात कधी नव्हे इतका गार होता, पण खरं सांगून कुणी ऐकत नाही म्हणून ती खोट्याकडं वळली असेल, हे माझ्या काचेच्या डोक्यात शिरलं नाही.

दोन तासांनी शाळेतून फोन आला. फळ्यापाशी उभी असताना मुंगीला श्वास पुरेना झाला, बोटांना मुंग्या आल्या आणि ती खाली बसली. आईनं मला डबीत घातलं, वही घेतली आणि शाळेतून मुंगीला घेऊन दवाखाना गाठला. वही पुरावा आणि मी साक्षीदार.

डॉक्टरीणबाईंनी मला हातही लावला नाही. त्यांनी मुंगीचं पोट तपासलं, छाती ऐकली, रक्त तपासायला पाठवलं. मग वही घेतली. आकड्यांचा रकाना हातानं झाकला आणि फक्त वार वाचले. बुधवार, बुधवार, रविवार, बुधवार, रविवार.

“शाळा चुकवायची असते हिला,” आई म्हणाली.

“रविवारी कुठली शाळा?” बाईंनी विचारलं.

आईनं वही ओढून घेतली आणि वार पुन्हा वाचले. नाटक करणारं माणूस हक्काची सुट्टी कशाला वाया घालवेल?

मग विचारत विचारत एकेक बाहेर आलं. बुधवारी विज्ञानाची तोंडी, सगळ्या वर्गासमोर उभं राहून. एकदा उत्तर चुकलं तेव्हा वर्ग हसला होता. रविवारी चार वाजता बाबा तिला फ्रिजपाशी उभं करून त्याच तोंडीचा सराव घ्यायचे, हातात घड्याळ धरून. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पोटात अन्न नाही. बाईंनी समजावलं, मन घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, हात गार पडतात, पोट पिळवटतं, श्वास भराभर घेतला की बोटांना मुंग्या येतात. याला ताप येत नाही, पण दुखणं खरंच असतं. रक्ताचा अहवाल येऊ दे, म्हणाल्या, पण तोवर हिचं ऐका.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथं तर काखेत मीच होतो, हृदयाला खेटून, आणि तरी मला कळलं नाही.

अहवाल चांगला आला. बाबा बराच वेळ घड्याळाचा पट्टा चाळवत बसले. “मी मदत करत होतो गं,” एवढंच म्हणाले. आता रविवारी चार वाजता ते दोघं फिरायला जातात. आईनं शाळेत जाऊन विज्ञानाच्या बाईंशी बोलून घेतलं. मुंगी सध्या तोंडीची उत्तरं वर्गात नाही, बाईंच्या टेबलापाशी देते. पोट अजून दुखतं, पण दर बुधवारी नाही.

मी आता खणात असतो, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी. ज्यांच्या घरी माझे भाऊबंद आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. आम्हाला ताप विचारा, तेवढाच सांगू. पोर खरं बोलतंय का, हे आम्हाला विचारू नका. आम्ही नापास झालेलो आहोत.

परवा बुधवारी सकाळी खण उघडला. आईचा हात सवयीनं माझ्यापर्यंत आला आणि थांबला. दाराशी मुंगी पोट धरून उभी होती.

“मी नुसती कॉलर बघत बसले,” आई म्हणाली, “आतली शिवण उसवत होती. ये, बस इथं. कुठं दुखतंय?”

आणि तिनं मला न घेताच खण लावला. एरवी मला राग आला असता.