मला सुलट दिसलेलं अक्षर

दोन उसन्या खाटा.

पांढऱ्या कोटावरून निखळलेलं बटण.

“फिल्म कुणी लावली?”

धोबीखान्यातल्या ओल्या चादरी.

एक अक्षर, जन्मात एकदाच सुलट दिसलेलं.

मित्रांनो, हा पसारा माझाच आहे. मी एक जुना, एक्स-रेची फिल्म बघायचा डबा आहे. पत्र्याचं अंग, पुढे दुधी काच, पोटात दोन ट्यूबलाइट. डॉक्टर माझ्या काचेवर फिल्म अडकवतात, मी मागून उजेड देतो आणि माणसाच्या आत काय बिघडलंय ते त्यांना दिसतं. मला मात्र सगळं पाठीमागून दिसतं. फिल्मच्या कोपऱ्यात बाजू सांगणारं अक्षर असतं; तेही मला कायम उलटं दिसायचं. दुसऱ्यांना उजेड देऊन मी स्वतः अडाणीच राहिलो.

आधी मी छातीच्या वॉर्डात होतो. काचेला तडा गेला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. त्याच वर्षी कॉलेजात मेंदूची शस्त्रक्रिया करणारे पहिले सर आले. त्यांना कुणी काही देईना. मग वॉर्डबॉयने, ज्याला अख्खं रुग्णालय मामा म्हणायचं, मला खांद्यावर टाकून वर आणलं.

“काच तडकलीय सर, पण दिवे शाबूत आहेत.”

“आपल्या विभागाला शोभेल असाच आहे,” सर म्हणाले. “विभाग म्हणजे तरी काय? दोन उसन्या खाटा, तुम्ही, मी आणि सिस्टर.”

“आणि रुबाब वीस खाटांचा,” सिस्टर म्हणाल्या.

पोटाचे सर्जन दारातून डोकावून विचारायचे, “काय, डोकेफोड खातं उघडलं का आज?” सर हसून हाताने फिरवायचं ड्रिल उचलायचे. त्या ड्रिलची घरघर मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझा दिवा फडफडला होता. सुरुवातीला पाचातले तीन रुग्ण दगावायचे. मग दोन. दोनाच्या सहा खाटा झाल्या, स्वतःचं ऑपरेशन थिएटर झालं, मला तिथल्या भिंतीवर बसवलं, शिकायला मुलं आली. सर त्यांना पहिल्याच दिवशी बजावायचे, “मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा. म्हणून आधी रुग्णाचा हात बघा, मग फिल्म. फिल्म उलटी लागू शकते, हात उलटा लागत नाही.”

फिल्म लावायचं काम मामांचं. शाळा फारशी झालेली नव्हती. स्पिरिटने माझी काच पुसत ते म्हणायचे, “अक्षर आपल्याकडे सरळ बघतंय ना, मग गाडी रुळावर.”

मग तो आठवडा आला. बाहेरून तपासणी मंडळ येणार होतं. त्यांनी मान हलवली तर इथे मेंदूचे नवे सर्जन घडणार होते. नाही तर विभाग गुंडाळला जाणार होता. सर चार दिवस धड झोपले नव्हते. त्या सकाळी गावातल्या एका शिंपीणबाईंचं ऑपरेशन होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ. मामा रक्ताची बाटली आणायला रक्तपेढीत गेले होते. सरांना धीर नव्हता. त्यांनी पाकिटातून फिल्म ओढली आणि स्वतःच माझ्या काचेवर अडकवली.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा अक्षर सुलट दिसलं. मी हरखलो. मला वाटलं, इतक्या वर्षांनी मी वाचायला शिकलो.

सरांनी उजवी बाजू उघडली. गाठ सापडेना, म्हणून आणखी खोल गेले. मग सिस्टर अगदी हळू म्हणाल्या, “सर, अक्षर बघा.”

सरांनी वर पाहिलं. माझ्या पोटातली ट्यूबलाइट तेवढी गुणगुणत राहिली.

नंतर त्यांनी डावी बाजूही उघडली. गाठ निघाली. शिंपीणबाई जगल्या, पण दोन्ही हात गेले आणि वाचाही गेली. नवरा त्यांना चमच्याने भरवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “हिच्यासारखं काज गावात कुणाचं नाही.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजचे अधिष्ठाता माझ्यासमोर उभे राहिले. “फिल्म कुणी लावली?”

सर बुटांकडे बघत होते.

“रोज मीच लावतो, साहेब,” मामा म्हणाले.

त्यात खोटं काहीच नव्हतं. रोज तेच लावायचे. तो एक दिवस सोडून.

सर तरीही बुटांकडेच बघत राहिले.

सगळे गेल्यावर सिस्टरांनी मामांना धरलं. “जिभेला हाड आहे का तुमच्या? का बोललात असं?”

“सर गेले तर विभाग गेला, सिस्टर. मी गेलो तर काय, चादरीच धुवायच्या ना?”

आणि खरंच, मामांना धोबीखान्यात पाठवलं. विभाग वाचला. मंडळाने मान हलवली. आज ऐंशी खाटा आहेत, वेगळी इमारत आहे, फिल्मऐवजी संगणकाचे पडदे आहेत. ऑपरेशनपूर्वी सगळे थांबून मोठ्याने बाजू बोलतात. नवीन मुलांना तो नियम शिकवताना सर म्हणायचे, “एका वॉर्डबॉयने एकदा फिल्म उलटी लावली होती.” सिस्टर तेव्हा खोलीबाहेर निघून जायच्या.

मी आता अडगळीत आहे. निवृत्तीच्या दिवशी सर इथे आले होते. हार गळ्यातच होता. माझ्या काचेवरच्या धुळीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि भांडारातल्या कारकुनाला विचारलं, “मामा कुठे असतात हल्ली?”

“कोण मामा?” कारकून म्हणाला.

सरांनी सांगितलं नाही. इथेही नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. माझे दिवस भरले आहेत. पण एवढं करा. तुमची चूक कुणी आपल्या अंगावर घेऊ लागलं, तर बुटांकडे बघू नका. ती बोलायची वेळ फार लहान असते. टळली की भोवती इमारती उभ्या राहतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिंपीणबाईंनी सरांच्या कोटाचं निखळलेलं बटण शिवून दिलं होतं, डाव्या हाताने, कारण उजवा चालत नव्हता.