पाणसळीचा निकाल

माणसाने एकदा मनावर घेतलं की शिखरंसुद्धा त्याच्यापुढे मान झुकवतात. फरशीवाल्याने मनावर घेतलं होतं. पण त्याच्या वाट्याला आलेली टेकडी मुळातच मान झुकवून बसलेली होती. अंगावर नुसतं गवत. ना पाटी, ना पायवाट. वर कुणी फिरकत नसे, कारण वर जाऊन दिसायचं तेही गवतच.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फरशीवाला घरी होता आणि त्याची कामं मेहुणा उरकत होता. मेहुण्याच्या फरशीवर लिंबू ठेवलं तर ते स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात जाई. हे फरशीवाल्याला सहन होईना. शेवटी बायकोने अट घातली, "ती टेकडी माथ्यापर्यंत चढून दाखवा, मग सोमवारपासून खुशाल जा. नाहीतर दादाच बघेल."

काठी घरी ठेवून, दात-ओठ खात तो चढला. मागून डबा घेऊन बायको. एका सपाटीवर ती बसली.

"झालं की हो! हाच माथा."

"हा? अगं, तो पलीकडचा उंचवटा बघ. वीतभर तरी वर आहे."

"मला तर खाली वाटतोय."

"जन्मभर जमिनी एका पातळीत आणल्यात मी. माझा डोळा म्हणजे पाणसळ!"

"मग ती बुडबुड्याची खरी पाणसळ खिशात कशाला?"

"सवय," म्हणत तो निघालासुद्धा. अर्धवट माथा चढून कामाला जाणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मधला उतार गुडघ्याला मुळीच मानवला नाही. उंचवट्यावर पोचून त्याने घाम पुसला, पाणसळ डोळ्यापाशी आडवी धरली, बुडबुडा मधोमध आणला आणि बायकोकडे रोखून पाहिलं. नजर तिच्या चपलांच्या खालच्या गवतात घुसली. त्याने पाणसळ उलटी करून पाहिली. चपला त्याच्या डोळ्यांपेक्षा वरच.

तो लंगडत परतला.

"काय म्हणतोय डोळा?"

"जिंकलो," तो म्हणाला. "माथा हाच. मघाशीच पोचलो होतो."

"मग जा सोमवारी," बायको डबा उघडत म्हणाली. "मी कुठे नाही म्हणतेय?"

सोमवारी गुडघा नारळाएवढा सुजला होता. कामावर मेहुणा गेला. जाताना पाणसळ मागून घेऊन गेला.