नवरदेव हलेपर्यंत

"जॅझ कुठं शिकलात?" प्रत्येक मुलाखतीत मला हाच प्रश्न. पॅरिसचं नाव घेतलं तर सगळे खूश होतील. मी सांगते, देगलूरला, वरातीत. माझे अण्णा बँडमास्तर, सॅक्सोफोन वाजवायचे. पोरं नाचत चौकातच अडून बसायची, गाणं संपून जायचं, पण अण्णा थांबायचे नाहीत. त्याच सुरांतून मनाचं काहीतरी नवं काढत राहायचे.

काल लातूरला माझा कार्यक्रम होता. माझं एकटीचं वाजवणं संपत आलं, तसे अण्णा पहिल्या रांगेतून उठले आणि भर सभागृहात ओरडले, "वाढव, वर्षे! नवरदेव जागचा हलला न्हाई अजून!"

साथीदार गोंधळून माझ्याकडं बघू लागले. मी वाजवतच राहिले. मास्तरनं सांगितल्याशिवाय थांबायचं नसतं.