मोटारीला लागलेलं ऊन

चोरखमाऱ्याच्या तलावाची पाळ चढता चढता मोटार पुन्हा उकळली. झाकणाच्या कडेने वाफेचा फवारा उडाला, समोरची काच पांढरी झाली आणि चैतरामने निमूटपणे गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरून मालक भोजराज खाली उतरले, छत्री उघडून मोहाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. चिडले असते तर चैतरामला बरं वाटलं असतं.

तो डबा घेऊन तलावात उतरला, पाणी आणलं, इंजिन थोडं निवल्यावर हळूहळू ओतलं. तेव्हा कुठे भोजराज बोलले, "परवा दवनीवाड्याले भाचीचं लगन हाय. सोयऱ्याच्या दारात हे अशीच वाफा टाकत उभी राहिली, तं तिथूनच चुन्नीलालच्या हवाली करतो. भंगारात घेतो म्हणते तो."

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने गेली होती, तलाव सरकारचे झाले होते. राहिली होती ती ही मोटार, आणि लोकांच्या तोंडातली 'मालक' म्हणायची सवय. थोरल्या मालकांनी, भोजराजांच्या वडिलांनी, ती नागपूरहून आणली तेव्हा ती हाकायला चैतरामला शिकवलं. तो पाणकराचा मुलगा. तलावाचं पाणी शेतांना वाटून देण्याचं काम बापाचं, आणि मुलगा बसला चाकावर! मोटार त्याची नव्हती, पण तिचा खोकला फक्त त्यालाच कळायचा. बायको रुख्मा म्हणायची, मोटार बाई असती तर सवत म्हणून भांडले तरी असते, लोखंडाशी काय भांडू?

म्हणूनच ती भंगारात जाणार हे त्याला सोसवेना. मालक त्याला उपाशी ठेवणार नव्हते, शेतावर राखणीचं काम दिलंच असतं. पण मोटार नसलेला चैतराम म्हणजे कोण, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

उपाय थोडे झाले नव्हते. गोंदियाचा मेकॅनिक चुन्नीलाल येऊन गेला. त्याने प्लग बदलले, तेल बदललं, पंख्याचा पट्टा नवा घातला, परतीची बस पकडायची घाई असल्यामुळे निदानही घाईत केलं. "इंजन बूढ़ा हो गया है, मालिक. अब इसको आराम दो." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! अर्थात चैतरामनेही काही दिवे लावले नव्हते. त्याने समोरच्या जाळीत अडकलेला भुसा काढला, ठिणगीची वेळ मागेपुढे करून पाहिली. दर वेळी तो मिशीला पीळ देऊन घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी मोटार त्याची मिशी उतरवायची. शेवटी गावाने आपला निकाल देऊन टाकला, की नवतपा आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, माणसं भाजून निघतात, मोटारीलाही ऊन लागलं असेल. चैतरामही चारचौघांत तेच सांगू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो गोठ्यामागच्या चिंचेखाली हट्टाने बसला. इंजिन चालू ठेवलं आणि पाना बाजूला टाकून नुसते हात लावून पाहू लागला. इंजिनातून रेडिएटरकडे येणारा वरचा पाइप हात ठेवू देईना. खालचा पाइप, ज्यातून निवलेलं पाणी परत इंजिनात जायचं, तो जेमतेम कोमट.

त्याला बाप आठवला. तलाव काठोकाठ भरलेला आणि खालची धानाची बांधी कोरडी, असं झालं की बाप आभाळाकडे पाहत बसत नसे. पाळीतून पाणी सोडायचं जे दार, ते तुडुम. बाप सरळ तिथे बुडी मारायचा आणि अडकलेला पालापाचोळा, गाळ हाताने उपसायचा. पाणी आहे आणि पोचत नाही, म्हणजे वाटेत काहीतरी बसलं आहे. इतकी वर्षं मोटार हाकून ही साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची चैतरामला लाज वाटली.

त्याने इंजिन निवू दिलं आणि खालचा पाइप सोडला. पाणी धो धो यायचं ते ठिबकू लागलं. बोट घातलं तर पांढरट, बुळबुळीत काहीतरी हाताला लागलं. वास आंबूस. बोटावर फुगलेली तांदळाची कणी होती. चैतराम आधी हसला, मग हसता हसता थांबला. ही पेज होती, आणि ती कोणत्या चुलीवरची हे त्याला विचारावं लागलं नाही.

भोजराजांच्या आई शांतीबाई उन्हाळाभर पेजेचं मडकं भरून ठेवायच्या. डाकवाला असो की कासार, उन्हातून आलेला माणूस लोटाभर पेज प्यायल्याशिवाय त्यांच्या दारातून हलत नसे. त्याचं कारण चैतरामला माहीत होतं. अशाच एका नवतप्यात थोरले मालक पाळीचं काम बघायला निघाले, त्या पेज घेऊन मागे धावल्या, तर ते "आल्यावर पितो" म्हणाले. आले ते याच मोटारीत, मागच्या सीटवर आडवे, अंग तव्यासारखं. तीन दिवस शांतीबाई उशाशी बसून होत्या. ताप उतरलाच नाही.

दुपारी चैतराम चिंचेखाली डोळे मिटून पडला. मोटार निवावी म्हणून रेडिएटरचं झाकण तो रोजच उघडं ठेवायचा. घर सामसूम झाल्यावर शांतीबाई पदराखाली लोटा झाकून आल्या. तो उठून बसला.

"बाईजी, कवापासून पाजून राहिल्या हिले?"

त्या दचकल्या नाहीत. "ऊन तापलं तवापासून. मंग तूबी सांगाले लागला, मोटारले ऊन लागलं मनून. कशी धापा टाकून राहिली होती बिचारी. तुले पेज भेटते, तिले कोण देईल?" मग त्याचा चेहरा पाहून त्यांनी हळूच विचारलं, "काऊन, चुकलं का माह्यं?"

"तिच्या नळ्या लय बारीक हायेत, बाईजी. तिले निरं पाणीच पचते."

शांतीबाई तिथेच दगडावर टेकल्या. "मंजे म्याच बिमार केली तिले," म्हणाल्या आणि लोटा मांडीवर धरून बसल्या. चैतरामला त्यांची फार माया आली. त्याने लोटा त्यांच्या हातून घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

मग त्याने धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं आणि खालच्या तोंडातून वर, उलट्या वाटेने, पुन्हा पुन्हा दाबलं. संध्याकाळपर्यंत नळ्या स्वच्छ झाल्या.

दुसऱ्या दिवशी मोटार भर उन्हात दवनीवाड्याला पोचली आणि वाफेचं नाव नाही. भोजराज खूश. जेवणं झाल्यावर मांडवात पानसुपारी चालली होती, तिथे त्यांनी चैतरामला बोलावून घेतलं. चुन्नीलालही आमंत्रणावरून आला होता. भोजराजांनी सगळ्यांदेखत विचारलं, की सांग बाबा, काय होतं तरी काय?

चैतरामने वाटभर ही गोष्ट मनात घोळवली होती. वरचा पाइप, खालचा पाइप, बोटावरची कणी. अशी दुरुस्ती माणसाच्या हातून आयुष्यात एकदाच होते, आणि ती सांगायला असा मांडव पुन्हा मिळत नाही. पण पलीकडे बायकांत शांतीबाई बसल्या होत्या. विड्याला चुना लावणारा त्यांचा हात थांबला होता.

"गाळ साचला होता, मालक," तो म्हणाला. "माह्यंच ध्यान नव्हतं."

"पाणकराचा पोरगा तू, आन तुलेच गाळ दिसला नाही?" भोजराज म्हणाले, आणि मांडव हसला. चुन्नीलालने तर त्याच्या पाठीवर थाप मारून "संभाल के, उस्ताद" म्हणून घेतलं. चैतरामला ते लागलं. पण लागलं तरी भूक काही मेली नाही. बुंदी त्याने दोनदा मागून घेतली.

भोजराज सोयऱ्यांकडे मुक्कामाला राहिले. परतीला मोटारीत शांतीबाई एकट्याच होत्या. निम्म्या वाटेवर त्या म्हणाल्या, "माह्यापायी तुले हसले लोक."

"हसू द्या, बाईजी. मोटार तं घरीच राहिली."

दिवस मावळायच्या आत ते वाड्यासमोर पोचले. चैतरामने दार उघडलं. शांतीबाई उतरल्या, पण घरात गेल्या नाहीत. वळसा घालून मोटारीच्या पुढे आल्या, आणि आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात त्यांनी बॉनेटवर ठेवला. जराशा वेळाने काढला.

"उतरला," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून आत गेल्या.