शामरावांच्या चपलेची लाल क्लिप

मी एक जुनी, लाल, अंगठ्याच्या नखाएवढी क्लिप आहे, मित्रांनो. ब्रेडच्या पिशवीचं तोंड बंद करते ना, तीच. यंत्रानं प्लॅस्टिकच्या लांबलचक पट्टीतून मला तोडलं आणि लगेच एका पिशवीच्या मानेवर बसवलं. बालपण म्हणून काही मिळालंच नाही. ब्रेड संपला की आमचंही संपतं. माझ्या कितीतरी बहिणी अशाच कचऱ्यात गेल्या. मी वाचले ती चंपाबाईंमुळे.

लालबागच्या एका चाळीत चंपाबाई, त्यांचे यजमान शामराव आणि मुलगा प्रफुल्ल राहायचे. शामराव बसचे कंडक्टर होते. मोठे कडक. फुकट्या प्रवाशाला गर्दीतूनही अचूक पकडायचे. म्हातारपणी मात्र त्यांचं विसरणं वाढत गेलं. पौर्णिमेच्या वंदनेला बुद्धविहारात गेले, की बाहेरच्या ढिगातून भलत्याच कुणाची चप्पल घालून घरी यायचे. एकदा शेजारचे अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय शामराव, दर टायमाला बरी नवीकोरी भेटते तुम्हाला?" लोक हसले. शामराव खाली मान घालून उभे राहिले. चंपाबाईंना ते फार लागलं.

घरी येताच त्यांनी ब्रेडच्या पिशवीवरून मला काढलं आणि शामरावांच्या रबरी चपलेच्या पट्ट्यात, अंगठ्यापाशी, घट्ट अडकवलं.

"अहो, इकडं बघा. लाल दिसली की आपली. कुणाला विचारायचं नाय, कुणाचं ऐकून घ्यायचं नाय."

"मी चोर नाय, चंपा."

"मला म्हायत नाय काय?"

तेव्हापासून माझे दिवस पालटले. विहाराबाहेर, दवाखान्याबाहेर मी चपलांच्या ढिगातून डोकं वर काढून बसायचे. शामराव वाकून शोधायचे आणि मला बघून त्यांचा चेहरा खुलायचा. खरं सांगते, मला गर्व झाला होता. एका माणसाची अब्रू माझ्या भरवशावर होती! चिखलानं माझा रंग उडाला, एक दात तुटला, तरी मी पट्टा सोडला नाही. शामराव ओळखीच्या माणसांची नावं विसरले, पण मला विसरले नाहीत.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि चंपाबाई गेल्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी चाळ घरी लोटली. गॅलरीत इतक्या चपला, की पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशेजारी चंपाबाईंची जोडी तशीच होती. ती उचलायचा धीर कुणाला झाला नव्हता. वंदना झाल्यावर शामराव बाहेर आले. मी त्यांना लगेच दिसले. मला वाटलं, आता पाय घालतील. पण ते खाली बसले, मला ओढून काढलं आणि चंपाबाईंच्या चपलेच्या पट्ट्यात अडकवलं.

"बाबा, काय करताय?" प्रफुल्लनं विचारलं.

"गर्दी बघ केवढी झालीय. तुझ्या आईला तिची सापडायला नको?"

शामराव उठले, तर त्यांना स्वतःची जोडी ओळखू येईना. तेव्हा अप्पांनी ढिगात हात घालून ती शोधली आणि त्यांच्या पायांपुढे ठेवली.

मित्रांनो, मी अजून तिथंच आहे. जिला शोधायला आता कुणी येणार नाही, ती जोडी सांभाळते. शामराव दारात बसून माझ्याकडे बघत असतात. त्यांना खरं सांगावंसं मला वाटतं. पण मला तोंड नाही, आणि असतं तरी माझ्याच्यानं सांगवलं नसतं. तुमच्या चाळीत, तुमच्या घरात असे कुणी आजोबा चपलांच्या ढिगापुढे गोंधळलेले दिसले, तर हसू नका. त्यांची जोडी शोधून त्यांच्या पायांपाशी ठेवा. आणि ते कुणाची वाट बघत असले, तर थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसा.