पाण्याच्या वेळा

नागसेनचा आठ दिवस नुसता जळफळाट चालला होता. पुनावळ्यातल्या बारा सोसायट्यांची वेबसाइट त्याने दोन महिने खपून केली होती. उघडताना निळे थेंब नाचायचे, मागे धबधबा कोसळायचा. आणि नाव कुणाचं? शेजारच्या स्वरूपाचं! तिने एका रविवारी पांढरंफटक पान केलं, त्यावर फक्त पाणी सुटण्याच्या वेळा टाकल्या. आता सगळे तेच बघत होते आणि मीटिंगमध्ये टाळ्याही तिलाच पडल्या होत्या.

आज सकाळी तिच्या पानातल्या चुका काढायच्या म्हणून त्याने आईचा फोन उचलला. तो त्याचाच जुना, काच तडकलेला फोन. नवा घेतल्यावर त्याने आईला दिला होता. स्वरूपाचं पान आईने त्यात आधीच जपून ठेवलेलं होतं, ते बोट लावताक्षणी उघडलं. मग त्याने स्वतःची वेबसाइट लावली. थेंब फिरत राहिले, फिरतच राहिले. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर ते कधीच अडकले नव्हते, आणि या फोनवर त्याने ती कधी बघितलीच नव्हती.

"आई, तूसुद्धा तिचंच बघतेस?" तो फणकारला.

"तिचं वेळेपुरतं रे," कळशी घासता घासता कस्तुराबाई मायेने म्हणाली. "तुझी तर रोज लावून ठेवते. माझं पाणी भरून होईपर्यंत उघडते ती."