ब्रेसाकांचे हस्तलिखित वाहिलेली टोपली

मित्रांनो, या तळघरात बटाटे सांभाळत बसलेली वेताची टोपली म्हणजे मी. ल्वार नदीकाठी मला विणले आणि झेली नावाच्या धोबिणीने विकत घेतले. तिच्या कमरेवर बसून मी तीस वर्षे गावाचे कपडे नदीवर नेले.

आमच्या गावात अँसेल्म ब्रेसाक नावाचे मोठे लेखक राहत. त्यांची नाटके पॅरिसमध्ये गाजली होती, कविता शाळेतली मुले पाठ म्हणत. पुढे त्यांनी कष्टकरी बायकांच्या हालांवर कादंबरी लिहिली आणि बादशहाची मर्जी फिरली. एका सकाळी शिपाई त्यांच्या घरी झडतीला आले. झेली तेव्हा आत मळके कपडे गोळा करत होती. ब्रेसाकांनी हस्तलिखिताचा गठ्ठा माझ्या तळाशी ठेवला. झेलीने वर चादरी टाकल्या. दुसरी प्रत नव्हती.

हवालदाराने तिला दारातच अडवले. "चल, मी पण येतो. बघू काय काय धुतेस ते."

घाटावर तो दगडावर ठाण मांडून बसला. झेली एकेक चादर काढू लागली. चार उरल्या, मग दोन. मी हलकी होत होते आणि भीतीने माझी वीण आवळत होती. शेजारच्या मादलोनने एकदा झेलीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आपले मळके घाघरे माझ्यात टाकले.

"झेले, माझी कंबर धरलीये. एवढे तूच बडव."

मग पलीकडचीनेही टाकले, तिच्या पलीकडचीनेही. मी रिकामी होईना.

"किती गं हे कपडे?" हवालदार वैतागला.

"गावच मळकं आहे, साहेब," मादलोन म्हणाली. "तुमचा सदरा काढा, तोही धुऊन देते."

बायका हसल्या. तो लालबुंद होऊन निघून गेला.

गठ्ठा गुपचूप सीमेपार गेला, कादंबरी ब्रुसेल्सला छापली गेली आणि देशभर चोरून वाचली गेली. आज हस्तलिखिताची ती पाने काचेच्या पेटीत आहेत. माझे बूड फाटले आहे. मित्रांनो, जुनी टोपली चुलीत घालण्याआधी ती कुणाच्या कमरेवर होती, एवढे तरी विचारा.

झेलीला वाचता येत नव्हते. घाटावर एकीने ते पुस्तक मोठ्याने वाचले, तेव्हा तिने सगळे ऐकले आणि थेट ब्रेसाकांचे दार वाजवले.

"साहेब, एक चुकलंय. तुमच्या पुस्तकातली बाई चादर एकटीच पिळते. ओली चादर एकटीला पिळवत नाही. दोघी लागतात."

दुसऱ्या आवृत्तीत त्या पानावर दोघी आहेत.